निळा खांब

दवाखान्याच्या भिंतीवर तिचा आलेख टांगलेला होता. थोरलीला तो आधी ओळखूच आला नाही, कारण आजवर तिने तो पाहिला होता तळहाताएवढा, संगणकाच्या पडद्यावर नाहीतर छापील पानाच्या कोपऱ्यात. इथे तो दाराएवढा होता, काचेच्या चौकटीत, वरून दिव्याचा झोत सोडलेला, शेजारी कुंडीत प्लास्टिकचं झाड. पाच खांब ओळीने उभे, शेवटचा निळा. तो निळा तिने स्वतः निवडला होता, चार निळे लावून बघून; एक फार गडद निघाला, एक अगदीच शाळेच्या गणवेशाचा, आणि मग हा सापडला होता. खरं सांगायचं तर तो ओळखल्यावर पहिल्या क्षणी तिला बरं वाटलं. चक्क बरं वाटलं. आपलं पोर शाळेच्या स्टेजवर दिसावं तसं छातीत काहीतरी हललं. मग डोळे खाली सरकले आणि जिथे ती बारीक अक्षरातली ओळ असायला हवी होती, की हे सगळे खांब उंदरांच्या गर्भार माद्यांचे आहेत, तिथे काहीच नव्हतं. ओळ कापली होती. त्या जागी पोटावर दोन्ही हात ठेवलेल्या एका हसऱ्या बाईचा फोटो होता आणि गुबगुबीत अक्षरांत लिहिलं होतं : मूळपेशी अधिक अँटिऑक्सिडंट, गर्भारपणातल्या मधुमेहाला विज्ञानाचं उत्तर. त्या क्षणभर बरं वाटण्याचाच तिला नंतर सगळ्यात जास्त राग आला.

"कसं वाटलं?" धाकटीने तिच्या कोपराला हळूच ढोसलं. "मी मुद्दामच नव्हतं सांगितलं. घरात सगळ्यांना माहीत आहे, तुम्हांला सोडून. सासूबाईंच्या पोटात कधी काही राहत नाही, तरी त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. त्यांचा जीव किती कासावीस झाला असेल बघा."

धाकटी म्हणजे थोरलीच्या दिराची बायको. एका घरात दोन जावा, थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खालच्या, आणि मधल्या जिन्यावर दोघींच्या चपला कायम एकमेकींत मिसळलेल्या. धाकटीला सातवा महिना. सकाळी जिन्यावरूनच ओरडून म्हणाली होती, ताई, आज अर्धी रजा काढा, तुम्हांला एक गंमत दाखवायची आहे. थोरलीला वाटलं, सोनोग्राफी असेल. पडद्यावर बाळाचं नाक बघू, घरी जाऊन ते कुणाच्या वळणावर गेलंय यावर भांडू. म्हणून ती प्रयोगशाळेतून तशीच आली होती, हाताला अजून साबणाचा वास, केसांत पेन खोचलेलं. आणि गंमत ही निघाली. धाकटी आता वळून खोलीतल्या बाकीच्या बायकांना सांगत होती, "ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई. ते भिंतीवर आहे ना, ते यांचंच." सगळ्या माना एकदम वळल्या. खोलीत सगळ्याच पोटुशा होत्या, कुणाचं पोट नुकतं दिसायला लागलेलं, कुणी दोन खुर्च्यांची जागा अडवून बसलेली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत एकदम असं काही आलं की थोरलीला उठून पळावंसं वाटलं. मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसलेल्या एका बाईने विचारलं, "किती बायकांना दिलंत हो तुम्ही हे?"

"बायकांना नाही दिलं," थोरली म्हणाली.

"म्हणजे तुमच्या हाताखालच्या डॉक्टरांनी दिलं असेल," डबेवाली समजुतीने म्हणाली.

"नाही, म्हणजे कुणालाच नाही दिलेलं."

"आमच्या ताई अशाच आहेत," धाकटी हसून म्हणाली. "कधी मिरवणार नाहीत. मी तरी यांच्या तोंडून एक अक्षर ऐकलं असेल तर शपथ. इथलं पत्रक वाचलं तेव्हा खाली यांच्या प्रयोगशाळेचं नाव दिसलं, आणि मी म्हटलं, अगं बाई, हे तर आमच्या माडीवरचं." बायका हसल्या. मग धाकटी थोरलीच्या कानाशी आली आणि एखादं गुपित सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आज पहिलं इंजेक्शन. आणि आजपासून रोजची सुई बंद. सकाळची मी घेतलीच नाही. कशाला उगाच शेवटच्या दिवशी टोचून घ्यायचं?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मस्तकात जाऊन तिथेच बसली, कारण बाहेर पडायला वाट नव्हती. कुणावर ओरडायचं? हिच्यावर? हिने सकाळची इन्सुलिनची सुई घेतली नाही ती कुणाच्या भरवशावर? ज्या एकाच गोष्टीने हिची साखर आवरून धरली आहे ती गोष्ट ही गंमत म्हणून सोडून आली आहे, आणि तिला सोडायला सांगणाऱ्यांनी भिंतीवर कुणाचा आलेख लावलाय? आईच्या रक्तात साखर चढली की ती बाळाच्या रक्तात चढते, त्याला काही रडून सांगता येत नाही, आतल्या आत त्याचं हृदय, त्याचा श्वास, सगळ्याचा विचका होतो. हे धाकटीला कुणी सांगायला नको होतं, धाकटी ते भोगून बसली होती. मागच्या वर्षी नववा महिना लागला होता. खोली रंगवून झाली होती. आणि मग नाही. त्या दिवसांत धाकटीने सुया घेतल्या नव्हत्या असं नाही. वेळेवर, मोजून, पोटाची चाळण होईपर्यंत घेतल्या होत्या, आणि तरी नाही. मग तिने सुईवर राग धरला तर तिचं काय चुकलं? माणूस देवावर रागावतं, ही सुईवर रागावली. दवाखान्यातल्या त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून तिने विचारलं होतं, ताई, तुम्ही एवढं शिकलात, तुमच्याकडे नाही का यावर काहीच? आणि थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवत, कारण काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हटलं होतं, चाललंय काम, आशादायक आहे.

आशादायक. काय शब्द आहे. प्रयोगशाळेत हा शब्द मिठासारखा वापरतात, सगळ्यात चिमूटभर. काही झालं नाही तरी आशादायक, थोडं झालं तर फार आशादायक. शोधनिबंधाच्या शेवटी तो घालावाच लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी पैशांसाठी कुणी दारात उभं करत नाही. आणि तोच शब्द एखाद्या बाईने उचलून उशाशी ठेवला, वर्षभर जपला, परत पोटुशी राहिल्यावर झटकून बाहेर काढला, तर तिला अडाणी म्हणायचं? म्हणतील. तिच्या प्रयोगशाळेच्या सरांसारखे लोक नक्की म्हणतील, लोकांना समजत नाही हो. लोकांना चांगलं समजतं. लोकांना आशादायक म्हटलं की आशा समजते, दुसरं काय समजणार?

टीपॉयवर घडीची पत्रकं ठेवली होती. तिने एक उचललं आणि पहिल्याच पानावर तिला तिचं वाक्य भेटलं. जळत्या घरात गवंडी पाठवून काय उपयोग? आधी आग विझवा. हे वाक्य तिचं होतं, शब्द न् शब्द तिचा, आणि ते तिला सुचलं होतं बसच्या थांब्यावर, पाय दुखत असताना. तेव्हा नुसत्या मूळपेशींचे प्रयोग चालू होते. हाडाच्या मगजातून काढलेल्या, अजून कशाच्याच न झालेल्या, म्हणून हव्या त्या होऊ शकणाऱ्या पेशी. त्या मधुमेही मादीच्या शिरेत सोडायच्या, त्या जाऊन मोडकंतोडकं दुरुस्त करतील अशी कल्पना. आणि त्या मरत होत्या. सोडल्या की मरत होत्या. साखर चढलेल्या रक्तात एक जाळणारा कचरा साठतो, त्याने जुन्या पेशी तर जळतातच, नव्या आलेल्याही जळतात. थांब्यावर उभं राहून तिला वाटलं, अरे, आपण जळत्या घरात गवंडी पाठवतोय, आणि गवंडी मेले म्हणून दुसरे पाठवतोय. आधी पाणी मारा. तो जाळ शमवणारं औषध, म्हणजे अँटिऑक्सिडंट, आधी द्या, सोबत द्या, मग पेशी सोडा. इतकं सोपं. ती बस तिने सोडली होती, चक्क समोरून जाऊ दिली होती, कारण विचार सांडेल अशी भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, तू मला लाजवलंस. तेव्हाचे सर असे होते. आणि ती कल्पना खरी होती, आजही खरी आहे, औषध आणि पेशी दोन्ही दिलेल्या गटाचा तो निळा खांब खोटा नाही. कुणी तो खोटा म्हणालं तर थोरली त्याच्याशीही भांडेल. खऱ्या गोष्टीची ही गत केली याचीच तर चीड होती. खोटं विकलं असतं तर एक वेळ चाललं असतं. जगात रोज विकलं जातं.

ती उठून बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली. तिथे पाणी थंड करायचं यंत्र घरघरत होतं, त्याच्या आडोशाला उभं राहून तिने सरांना फोन लावला.

"सर, त्या दवाखान्यात आपला आलेख लावलाय."

"गेलीस का तू? छान केलंस. मोठा केल्यावर तुझा तो निळा काय खुललाय ना?"

"खालची ओळ काढून टाकलीय त्यांनी."

"अगं, ती पेशंटची बसायची जागा आहे. पेशंटला सकाळी सकाळी उंदीर कशाला दाखवायचे?"

"इन्सुलिन बंद करायला सांगतायत सर."

"ते त्यांचे डॉक्टर बघतील. मी आपला नावापुरता सल्लागार आहे."

"मग सल्ला काय दिलात?"

पलीकडे खुर्ची करकरली. "हे बघ, तू फार ताणतेस. लिहिलंय काय? संशोधनावर आधारित. आधारित आहे की नाही? एक अक्षर खोटं दाखव मला. आणि तुला काय वाटतं, पुढचं काम कशावर चालणार आहे? हवेवर?"

"सर, माझी जाऊ आत बसलीय. सातवा महिना आहे तिला."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं?" सरांचा आवाज एकदम मायेने भरून आला. "काळजी करू नकोस. मी आत्ता फोन करतो, तिच्याकडे जरा नीट लक्ष द्यायला सांगतो."

तिने फोन बंद केला. नीट लक्ष द्यायला सांगतो. म्हणजे बाकीच्यांकडे? त्या डबेवालीकडे? कुणाच्या ओळखीची नाही म्हणून तिच्याकडे नीट नको? आणि गंमत म्हणजे सर खरंच मनापासून बोलले होते; ते वाईट माणूस नव्हते, थोरलीच्या नवऱ्याच्या आजारपणात रोज येऊन बसत होते. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. अशा माणसाचं काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. उंटावर बसून शेळ्या हाकायच्या आणि शेळी मेली तर म्हणायचं, मी तर वर होतो. काचेपलीकडे रस्ता होता, गाड्या होत्या, समोरच्या दुकानात एक माणूस शांतपणे काचा पुसत होता, आणि त्या माणसाचा तिला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. काच पुसली की स्वच्छ होते. संध्याकाळी घरी जाऊन म्हणता येतं, काच पुसली.

ती घरी जाऊन काय म्हणायची? सुरुवातीला सगळे विचारायचे, दिवसभर काय करतेस? ती म्हणायची, उंदीर मोजते. सगळे हसायचे, तीही हसायची. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमची थोरली औषध शोधते, आणि थोरली मूग गिळून बसायची, कारण औषध शोधते म्हणणं खोटं होतं आणि काय करते ते सांगणं घरात शक्य नव्हतं. विशेषतः मागच्या वर्षीनंतर. कारण उंदीर मोजते म्हणजे उंदीर मोजत नव्हती. कामाची रीतच अशी होती की मादी विण्याच्या आदल्या दिवशी तिला औषधाने झोपवायचं, त्या झोपेतून परत उठवायचं नाही, आणि पोट उघडायचं. आत शेंगेतल्या दाण्यांसारखी ओळीने पिल्लं असतात. चिमट्याने हळूच टोचायचं. हललं तर जिवंत. गुलाबी असून हललं नाही तर मेलेलं, काळपट डाग असेल तर केव्हाच मेलेलं. एवढंच मोजायचं, आणि त्याचेच खांब करायचे. निबंधात जिवंत म्हणजे हे. जगभर हीच रीत आहे आणि तिला कारण आहे : मादीला विऊ दिलं तर ती कमजोर पिल्लू स्वतःच खाऊन टाकते, मग मोजणी चुकते. मोजणी चुकू नये म्हणून आईच संपवायची. थोरलीने हे इतक्या वेळा केलं होतं की हात आपले आपण करायचे आणि डोकं बाजारातून काय आणायचं याचा विचार करायचं. पहिल्या पहिल्यांदा ती घरी येऊन खूप वेळ आंघोळ करायची. मग तेही गेलं. फक्त एकदा, निळ्या गटातली एक मादी होती, साखर खाली आलेली, अंगाने भरलेली, पिंजऱ्यातला कागद कुरतडून कुरतडून घरटं करत बसलेली. तिला उचलताना थोरलीला वाटलं होतं, हिला विऊ द्यावं. एकीला तरी. बघावं तरी पुढे काय होतं. सरांनी मान हलवली. गट बिघडेल. बरोबर होतं त्यांचं, गट बिघडला असता. तेव्हा त्या निळ्या खांबातली एकही आई कधी आई झाली नव्हती, त्यातलं एकही पिल्लू आईला लुचलं नव्हतं, आणि पुढे काय हे या जगात कुणालाही माहीत नव्हतं. थोरलीला नाही, सरांना नाही, आणि या दवाखान्यात तर कुणाच्या बापाला नाही. आणि ते भिंतीवर लावून खाली हसरी बाई चिकटवली होती. तिने हात पोटावर ठेवले होते, नालायकांनी तिच्याही कडेवर मूल दिलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा धाकटीची खुर्ची रिकामी होती.

"आत घेतलं त्यांना," डबेवाली म्हणाली. "तुमच्या ओळखीने लवकर नंबर लागला वाटतं."

थोरलीने दार न ठोठावताच ढकललं. आत धाकटी उंच खाटेवर बसली होती, एक बाही खांद्यापर्यंत दुमडलेली, पाय लोंबकळत, पर्स उशाशी. नर्स बर्फाच्या भांड्यातून एक छोटी कुपी काढत होती. वर पिवळसर पाण्याची बाटली टांगली होती, तिची नळी अजून नुसतीच लोंबत होती. खाटेच्या बाजूला डॉक्टर उभा होता, तरुण, कडक इस्त्रीचा, दात इतके सारखे की ते एकाच वेळी आले असावेत.

"या मॅडम, या. सरांचा आत्ताच फोन आला होता," तो म्हणाला. "आम्हांला कल्पना असती तर तुमचा सत्कारच केला असता. एक फोटो घेऊ या ना, तुम्ही, ताई आणि मी. बाकीच्या पेशंटना तेवढाच धीर येतो."

"ह्या पेशी कुणाच्या आहेत?" थोरलीने विचारलं.

"आमच्याकडे बाहेरून येतात. तपासलेल्या असतात."

"कुणाच्या आहेत?"

"दात्यांच्या, मॅडम."

"गर्भार बाईला दिल्यावर त्या कुठे जातात?"

"म्हणजे जिथे गरज असते तिथे त्या जातात. तुमच्याच पेपरात आहे की." तो हसतच होता, पण आता नर्सकडे बघून.

"माझ्या पेपरात उंदीर आहेत," थोरली म्हणाली, आणि मग त्याच्याकडे पाठ करून धाकटीच्या समोर उभी राहिली. "अगं, ऐक माझं. हे मी फक्त उंदरांवर केलंय."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. "मी काय अगदीच ही आहे का, ताई? आधी उंदरांवरच करतात. तुम्हीच तर म्हणता घरी, उंदीर मोजते. मोजलेत ना? फरक पडला ना त्यांना?"

पॅसेजमध्ये थोरलीने मनात जी भाषणं केली होती त्यांत सगळा भरवसा या एका शब्दावर होता, उंदीर म्हटलं की ही दचकेल, खाटेवरून उतरेल. आणि ती तर उंदरांना केव्हाच घरात घेऊन बसली होती.

"पडला," ती म्हणाली.

"पिल्लं जगली?"

"निळ्या गटातली जास्त जगली."

"मग? मला तेवढंच पाहिजे. जास्त. माणसाचं नसेल झालं अजून, तर माझ्यापासून होऊ दे. सुया टोचून मागच्या खेपेला काय मिळालं मला, तुम्ही होतात की तिथे." तिचा आवाज चढला नव्हता, पण दुमडलेली बाही तिने मुठीत धरली होती. मग जरा नरमाईने, जावेला दुखावलं असं वाटून, ती म्हणाली, "कशी आहेत हो ती पिल्लं आता? मोठी झाली असतील ना?"

डॉक्टर म्हणाला, "ताई, आपण सुरू करू या का? कुपी बाहेर काढल्यावर फार वेळ ठेवता येत नाही."

"थांबा," थोरली म्हणाली. तिला दिसत होतं की हे सांगितलं की धाकटी पुन्हा तिच्याकडे पूर्वीसारखं बघणार नाही. जिन्यावरच्या चपला वेगळ्या होतील. सासूबाईंना कळेल, सासूबाई तिच्या हातचं पाणी घेताना क्षणभर थांबतील. आणि न सांगता नुसतं म्हणता आलं असतं, माझं ऐक, मी मोठी आहे, चल घरी. पण या बाईला आजवर सगळ्यांनी असंच नेलं होतं, हाताला धरून, काही न सांगता, इकडून तिकडे. तिने स्वतःसुद्धा. तिला त्या खोलीतल्या सगळ्यांचा राग आला, बाटलीचा, बर्फाचा, त्या सारख्या दातांचा, आणि त्या रागानेच तिच्या तोंडून शब्द सरळ बाहेर काढले.

"ती मोठी झाली नाहीत. त्यांची एकही आई व्याली नाही. विण्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या आयांना मारतो. मग पोट उघडून आत बघतो. टोचल्यावर जी हलतात ती जिवंत म्हणून मोजतो."

"सगळ्यांना?" धाकटीने विचारलं.

"सगळ्यांना. निळ्या खांबातल्यासुद्धा."

"त्यात काही गैर नाही हं," डॉक्टर घाईने म्हणाला. "ही जगभरची पद्धत आहे, मॅडम सांगतीलच. मोजणी अचूक यावी म्हणून."

"हो. मोजणी अचूक यावी म्हणून," थोरली म्हणाली. "पुढचं आम्हांला काही माहीत नाही. ती जन्मून जगली असती का, त्यांच्या आया जगल्या असत्या का, काहीच माहीत नाही. हे तुला द्यायचं असेल तर आधी फार काही शोधावं लागेल. इन्सुलिनने सगळं होतंच असं नाही, ते तुला मी काय सांगू. पण ते सोडून हातात दुसरं काही नाही. हे सगळं आत्ता कुणालाच माहीत नाही, अगं, आणि हे लोक माहीत असल्यासारखे तुझ्या शिरेत घालतायत."

धाकटीने आपल्या लोंबणाऱ्या पायांकडे बघितलं. नर्सने कुपी परत बर्फात ठेवली, पण हात काढला नाही. धाकटी बोलली तेव्हा ती थोरलीशी बोलत होती की स्वतःशी ते कळलं नाही.

"आदल्या दिवशी माझंही हलत होतं."

मग तिने मान वर केली. "दुपारी सोनोग्राफी होती. ठोके ऐकवले होते मला. लाथ मारली म्हणून तो सोनोग्राफीवाला हसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हतं. म्हणजे तुमच्या त्या खांबात माझं ते बाळ जिवंत म्हणूनच धरलं असतं."

"हो," थोरली म्हणाली. "धरलं असतं."

डॉक्टरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा धाकटीने दुमडलेली बाही खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावलं. उशाशी ठेवलेली पर्स जवळ घेतली, आतून यंत्र काढून बोट टोचलं, आकडा बघितला आणि तो कुणालाही न दाखवता यंत्र बंद केलं. मग इन्सुलिनचं पेन काढलं, त्याचं टोक फिरवून मात्रा लावली, कुर्ता जरासा वर करून पोटाच्या कडेला सुई टोचली, आणि ओठ हलवत मनात आकडे मोजले. डॉक्टर भिंतीकडे बघत उभा होता. थोरली पुढे झाली तर धाकटीने नुसता तळहात दाखवून तिला थांबवलं. सुई काढून तिने टोपण लावलं, पेन पर्समध्ये ठेवलं, आणि खाटेवरून एकटीच, एक हात पोटाखाली धरून, सावकाश उतरली.

"घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलू नका," ती म्हणाली. "बाहेर त्या बायका बसल्यात, त्यांच्याशी बोला."

"मॅडम, प्लीज," डॉक्टर म्हणाला. "त्या घाबरतील."

थोरलीने दार उघडलं. डबेवालीने तिला बघून शेजारच्या खुर्चीवरचा डबा उचलला आणि तिला बसायला जागा करून दिली. थोरली उभीच राहिली आणि बोलायला लागली.